रुजू होणें आणि रुजणें
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. महोत्सव म्हणजे मागें वळून पाहण्याची वेळ. हें ख्रिस्तमंदिर कोणीं उभारलें, शाळा कोणीं काढली, विहीर कोणीं खणली, यांचें कृतज्ञ स्मरण करण्याची ही वेळ. तें काम माझ्याहून अधिकारी वक्त्यांनीं आजच्या सभेंत केलेंच आहे. मजकडे आलेला विषय निराळा आहे. आपल्या गांवांतील कित्येक घरांतून अलीकडे मुलगा किंवा मुलगी जर्मनीस गेली आहे. कोणी परिचारिका म्हणून, कोणी इंजिनियर म्हणून, कोणी शिकावयास. आणखी कित्येकजण जर्मन भाषेचे धडे गिरवीत आहेत. मीं त्या देशांत, स्टुटगार्ट नगराच्या आसमंतांत, कांहीं वर्षें बिऱ्हाड केलें असल्यामुळें, तेथें गेल्यावर रोजचें जीवन कसें मांडावें याविषयीं मीं बोलावें अशी सूचना झाली.

जावें कीं न जावें, हा आजचा प्रश्न नव्हे. तो ज्याच्या त्याच्या घरानें देवासमोर बसून सोडवावयाचा आहे. व्हिसा कसा मिळतो, पगार किती मिळतो, हें सांगणारेही पुष्कळ आहेत. मला सांगावयाचें आहे तें विमानांतून उतरल्यानंतरचें: चूल कशी मांडली जाते, शेजार कसा जुळतो, रविवार कसा जातो. आणि माझें सांगणें थोडक्यांत असें आहे कीं, परदेशीं कामावर रुजू होणें निराळें आणि त्या मातींत रुजणें निराळें. पहिलें कागदानें होतें. दुसरें रोजच्या बारीकसारीक वागणुकीनें होतें. पहिलें साधलें परंतु दुसरें साधलें नाहीं, अशीं माणसें मीं तेथें पाहिलीं. त्यांस खावयास-ल्यावयास कमी नव्हतें. परंतु दहा दहा वर्षें ज्या इमारतींत तीं राहिलीं, तिच्या जिन्यावर त्यांस नांवानें हांक मारणारें कोणी नव्हतें. हा तोटा लहान नव्हे.

हा रस्ता आपणांस अगदींच नवा नाहीं. केवळ त्याची दिशा बदलली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन जेज्वीट धर्मगुरू मुंबई इलाख्यांत आले. १८६९ सालीं मुंबईंत सेंट झेवियर महाविद्यालय त्यांनींच सुरू केलें. नगर जिल्ह्याच्या खेड्यांत काम करणारे फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं 'निरोप्या' हें मराठी मासिक काढलें. पुढें १९०७ सालीं ते पुण्याचे बिशप झाले. ज्यांची मातृभाषा जर्मन, त्यांनीं आपल्या खेड्यांतील माणसांकरितां मराठींत मासिक काढावें, ही गोष्ट आपण सहज बोलून जातों. परंतु तिच्यामागें किती रात्रींचें घोकणें असेल, याचा विचार करावा. पहिल्या महायुद्धाच्या काळांत इंग्रज सरकारनें जर्मन धर्मगुरूंस स्थानबद्ध केलें आणि बहुतेकांस मायदेशीं परत धाडलें. तरी त्यांनीं सुरू केलेलीं कामें राहिलीं. कारण ते येथें केवळ नेमणुकीवर आले नव्हते. येथील भाषा त्यांनीं आपली केली होती.

आज आपलीं मुलें उलट दिशेनें निघालीं आहेत. त्यांच्या आधीं, १९६०नंतरच्या दशकांत, केरळांतील कॅथोलिक मुली ख्रिस्तसभेच्या संस्थांच्या द्वारें जर्मनींतील रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेल्या. आपला संबंधही जुना आहे. मुंबई व स्टुटगार्ट हीं १९६८पासून भगिनी-नगरें आहेत. २०२२च्या डिसेंबरांत भारत व जर्मनी यांच्यामध्यें स्थलांतराविषयीं करार झाला. २०२४च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र शासनानें, स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळाविषयीं करार केला. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, भारतीय कुशल कामगारांस द्यावयाच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचें जर्मन सरकारनें जाहीर केलें. दार उघडें आहे. आंत गेल्यावर काय, तें आतां पाहूं.

पहिला धडा मिळतो तो नांवाचा. तेथील इमारतींत बिऱ्हाडांस बहुधा क्रमांक नसतात. दाराच्या घंटेवर आणि टपालपेटीवर राहणाराचें आडनांव असतें, आणि तें वाचून टपालवाला पत्र टाकतो. नांव नसेल तर पत्र परत जातें. बँक, आरोग्यविमा, करखातें, परदेशीयांचें कार्यालय, या सर्वांचा पुष्कळसा कारभार तेथें अजून टपालानें चालतो. म्हणून घराची किल्ली हातीं येतांच, डाबरे असो, लोपीस असो कीं गायकवाड असो, आपलें नांव ठळक अक्षरांनीं घंटेवर आणि पेटीवर लावावें. आणि पेटी रोज उघडावी.

दुसरें काम नोंदणीचें. नव्या घरांत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगरपालिकेच्या कार्यालयांत आपला पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीस 'आनमेल्डुंग' म्हणतात. ती करतांना, हा मनुष्य माझ्या घरांत राहतो, अशी घरमालकाची लेखी साक्ष लागते. नोंदणी झाली म्हणजे कर-क्रमांक टपालानें येतो, आणि तो आला म्हणजे पगारावरील कराची नीट आकारणी होते. असा एका कागदाच्या खांद्यावर दुसरा कागद उभा असतो. कित्येक ठिकाणीं तात्पुरती खोली देतात, परंतु नोंदणीकरितां साक्ष देत नाहींत. म्हणून पहिल्या महिन्यांपुरती कां होईना, नोंदणी करूं देणारी जागा येथून निघण्यापूर्वींच पाहून ठेवावी.

याच नोंदणीच्या अर्जांत एक रकाना असतो: धर्म कोणता? येथें मी क्षणभर थांबणार आहें, कारण हा रकाना आपल्या मुलांस अनपेक्षित असतो. तेथें कॅथोलिक असें लिहिलें म्हणजे ख्रिस्तसभेचा कर लागू होतो. तो मिळकतीवर नसून मिळकतीच्या करावर असतो: बव्हेरिया व बाडेन-व्युर्टेंबर्ग या दोन राज्यांत आठ टक्के, इतर राज्यांत नऊ टक्के. समजा, एखाद्या परिचारिकेच्या पगारांतून महिन्यास ४०० यूरो आयकर कापला जातो. तर हा कर ३२ किंवा ३६ यूरो होईल. सरकारचें करखातें तो पगारांतूनच वसूल करून ख्रिस्तसभेस देतें. आतां आधीं गेलेला कोणी स्नेही हळूच कानांत सांगतो, "तो रकाना मोकळा सोड; तेवढे पैसे वांचतील."

या सल्ल्याचा हिशोब पुरा मांडला पाहिजे. सरकारी कचेरींत जाऊन 'मी ख्रिस्तसभा सोडली' असें लिहून देणारास सांक्रामेंतें घेतां येत नाहींत, बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपिता वा धर्ममाता होतां येत नाहीं, असा जर्मन बिशप-परिषदेचा २०१२च्या सप्टेंबरांतील निर्णय आहे. कराचा आणि सांक्रामेंतांचा असा संबंध जोडावा कीं नाहीं, याविषयीं तेथील श्रद्धावंतांतच दुमत आहे. २०२२ या एका वर्षांत ५ लाख २२ हजारांहून अधिक माणसें तेथील कॅथोलिक ख्रिस्तसभेंतून बाहेर पडलीं. त्यांचीं कारणें अनेक होतीं, आणि त्यांचा न्याय करावयास आपण येथें बसलों नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, तो रकाना कोणाच्या कानगोष्टीवरून भरूं नये. घरीं आईबापांशीं बोलून, विचार करून, खरें असेल तेंच लिहावें. नव्या देशांतील पहिल्याच सरकारी कागदावर आपण कोण हें झांकून संसारास आरंभ केला, तर पुढें त्याच देशांत आपल्यास कोणी ओळखावें अशी अपेक्षा कशी करावी?

आतां घराकडे वळूं. भाड्याचें घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर, इतकीच अपेक्षा धरून जावें. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणून जी खोली दाखवितात, तींत पाण्याचा नळ आणि विजेची जोडणी तेवढी असते. ओटा, शेगडी, भांडीं घांसण्याचें कुंड, सारें भाडेकरूनें आणावयाचें. छताला दिवाही नसतो. तारा मात्र लोंबत असतात. जाहिरातींत भाडें दोन प्रकारें लिहिलेलें असतें, एक 'थंड' आणि दुसरें 'उबदार'. थंड भाडें नुसत्या जागेचें. उबदार भाड्यांत घर तापविण्याचा, पाण्याचा व झाडलोटीचा खर्च धरलेला असतो. वीज बहुधा त्याहूनही वेगळी. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक मागतां येत नाहीं, आणि ती तीन हप्त्यांनीं देण्याचा हक्क कायद्यानें भाडेकरूस दिला आहे. घाईंत सही करण्यापूर्वीं एवढें तरी ठाऊक असावें.

मोठ्या नगरांत घर मिळणें कठीण झालें आहे, आणि परकें नांव पाहून उत्तरच न धाडणारे घरमालक तेथें आहेत, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. वंश वा धर्म पाहून भेद करण्याविरुद्ध तेथें २००६चा कायदा आहे. परंतु कायद्यानें प्रत्येक दार उघडतें असें नाहीं. दार उघडतें तें पुष्कळदां ओळखीनें: कामावरच्या सोबत्याच्या शब्दानें, किंवा धर्मग्रामांतील एखाद्या वृद्ध बाईच्या "ही मुलगी चांगली आहे" या वाक्यानें. म्हणजे पुन्हां आपण रुजण्याच्या प्रश्नाकडेच आलों.

ही ओळख कशानें होते? मोठ्या गोष्टींनीं नव्हे. कचऱ्यानें, खिडकीनें आणि झाडूनें होते. आपण हंसतां, पण हें खरें आहे. तेथें कचरा वेगळा करून टाकावयाचा असतो. साधारणपणें कागद निळ्या डब्यांत, वेष्टणें पिवळ्यांत, भाजीपाल्याचें उरलेसुरलें तपकिरी डब्यांत, बाकीचें काळ्या किंवा करड्या डब्यांत. रंग गांवोगांवीं थोडे बदलतात. कांचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या व तपकिरी अशा निवडून टाकावयाच्या. पेयांच्या एकदांच वापरावयाच्या बहुतेक बाटल्यांवर व डब्यांवर २००३पासून २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानांत परत दिली म्हणजे ती मिळते. कोणत्या डब्यांत काय टाकलें आहे, हें शेजारी पाहतात. तो चोंबडेपणा नव्हे. एकानें चूक टाकलेला डबा कधीं कधीं उचललाच जात नाहीं, आणि दुर्गंधी सर्वांच्या वाट्यास येते.

खिडकीचें असें. हिंवाळ्यांत घरें बंद असतात आणि आपला स्वयंपाक म्हणजे वाफ आणि फोडणी. ती वाफ भिंतीवर बसते, बुरशी धरते, आणि घर सोडतांना तिच्याबद्दल भरपाई मागितली जाते. म्हणून बाहेर बर्फ असलें तरी दिवसांतून दोन-तीन वेळां सर्व खिडक्या सताड उघडून पांच मिनिटें वारा आंत घ्यावयाचा आणि पुन्हां बंद करावयाच्या. 

झाडूचें तर शास्त्रच आहे. स्टुटगार्टच्या बाजूस 'केरवोखे' नांवाची जुनी चाल आहे. इमारतींतील बिऱ्हाडांनीं आळीपाळीनें आठवडाभर जिना आणि अंगण झाडावयाचें. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर पाटी अडकवितात. आतां कांहीं ठिकाणीं पैसे देऊन हें काम करवून घेतात. परंतु जेथें चाल उरली आहे, तेथें डॉक्टर असो कीं गवंडी असो, पाळी कोणास चुकत नाहीं. आमच्या जिन्यावर एक वृद्ध शेजारीण राहत असे. तीन महिने ती केवळ मान हलवी. चौथ्या महिन्यांत माझी पाळी असतां ती बाहेर आली आणि पायऱ्यांच्या कडा कशा पुसाव्या तें तिनें मला स्वतः वांकून दाखविलें. डिसेंबरांत नाताळच्या बिस्किटांचा एक डबा माझ्या दारांत होता. त्या बाईशीं त्यापूर्वीं माझें दहा वाक्यांहून अधिक बोलणें झालें नव्हतें. जें दहा वाक्यांनीं झालें नाहीं तें झाडूनें झालें.

आतां भाषेविषयीं. जर्मन भाषेच्या परीक्षांच्या सहा पायऱ्या आहेत, ए-१पासून सी-२पर्यंत. परिचारिकेच्या शिक्षणास तेथें मान्यता मिळण्याकरितां साधारणपणें बी-२ ही चौथी पायरी लागते. ती येथें बसून गांठतां येते, आणि गांठावी. परंतु प्रमाणपत्र म्हणजे भाषा नव्हे. वर्गांतील जर्मन निराळी आणि श्वाबेन प्रांतांतील ऐंशी वर्षांच्या रुग्णाच्या तोंडची निराळी. दुखण्यांत माणसास पुस्तकी भाषा सुचत नाहीं. त्यास आईची भाषा आठवते. त्याचा शब्द कळला नाहीं तर उणें भाषेंत येत नाहीं, सेवेंत येतें. म्हणून कामावरून आल्यावर देशी मंडळींत मराठी, हिंदी व इंग्रजी यांवरच भागविणारा मनुष्य आपलेंच नुकसान करतो. रोज एक तरी संवाद जर्मनींत करावा: पाववाल्याशीं, बसथांब्यावरच्या आजोबांशीं, शेजारच्या मुलाशीं. फादर डोरिंग यांस मराठी कांहीं बोर्डावरून आली नसेल. ती माणसांतूनच आली असेल.

मराठी माणसास एक गोष्ट तेथें सोपी जाते. आपल्याकडे जसें 'तुम्ही' आणि 'तू', तसें त्यांच्याकडे 'झी' आणि 'डू'. अनोळखी प्रौढास 'झी' म्हणावयाचें. वयानें वा अधिकारानें मोठा मनुष्य आपण होऊन 'डू' म्हणूं या असें सुचवितो, तोंवर थांबावें. वर्षानुवर्षें 'झी'वर राहिलेले सोबतीही संकटांत धांवून येतात, म्हणून त्यांत दुरावा मानूं नये.

कठीण जातें तें दुसरेंच. आपण संकोचानें "बघूं", "येतों", "हरकत नाहीं" असें म्हणतों, आणि ऐकणारास त्यांतला नकार कळतो. तेथें कळत नाहीं. "येतों" म्हटलें म्हणजे ताट मांडलें जातें. उलट, त्यांचा स्पष्ट नकार आपल्यास अपमान वाटतो. तो अपमान नसतो, माहिती असते. प्रत्येक भेटीस वेळ ठरवावी लागते. तीस 'टेर्मीन' म्हणतात. डॉक्टरकडे, कचेरींत, आणि मित्राकडे कॉफीस जावयाचें तरी दोन आठवडे आधीं दिवस ठरतो. पहिल्यानें हें कोरडें वाटतें. मागाहून कळतें कीं, कोणी आपलें नांव आपल्या वहींत लिहून ठेवलें आहे आणि त्या तासास दुसरें कांहीं येऊं देणार नाहीं, हाही एक आदरच आहे.

आतां रविवार. १९१९च्या व्हायमार राज्यघटनेनें रविवार व मान्य सण यांस विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याचें संरक्षण दिलें. १९४९च्या राज्यघटनेनें तें कलम आपल्यांत सामावून घेतलें. बर्लिन राज्यानें नाताळापूर्वींच्या आगमनकाळांतील चारही रविवारीं दुकानें उघडण्यास मोकळीक दिली, तेव्हां दोन्ही ख्रिस्तसभा, कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट, न्यायालयांत गेल्या, आणि १ डिसेंबर २००९ रोजीं जर्मनीच्या घटना-न्यायालयानें तो नियम घटनेस धरून नाहीं असा निकाल दिला. म्हणून रविवारीं तेथें दुकानें बंद असतात. स्थानकावरचीं, पेट्रोलपंपावरचीं व कांहीं पाववाल्यांचीं दुकानें तेवढीं उघडीं. भिंतीला भोंक पाडावयाचें नाहीं, गवत कापण्याचें यंत्र चालवावयाचें नाहीं, रिकाम्या बाटल्याही सार्वजनिक पेटींत टाकावयाच्या नाहींत, कारण आवाज होतो. तांदूळ-डाळ शनिवारींच आणून ठेवावी लागते.

नव्या माणसाच्या अंगावर हा रविवार येतो. आपला रविवार म्हणजे मिस्साबलिदान, अंगणांतील गप्पा, पाहुणे, कालवणाचा वास, मुलांचा गलका. तेथें रस्ता रिकामा, खिडक्या बंद, आणि खोलींत आपण एकटे. माझ्या मतें परदेशांतील खरी परीक्षा सोमवारीं कामावर होत नाहीं. ती रविवारीं दुपारीं तीन वाजतां होते. तेव्हां आपल्या मुलांस माझी विनंति आहे कीं, घंटा जेथून ऐकूं येते त्या जवळच्या ख्रिस्तमंदिरांत जावें. तें भव्य असेल, परंतु डोकीं थोडीं आणि त्यांतलीं बहुतेक पांढरीं असतील. शेवटच्या बांकावर बसून आशीर्वाद होतांच निघून येण्याचा मोह होईल, तो आवरावा. मोठ्या नगरांत इंग्रजी किंवा मल्याळी भाषेंतही मिस्साबलिदान असतें. तेथेंही आनंदानें जावें, परंतु त्यापायीं जवळचें सोडूं नये. तेथें हातांची उणीव असते. वाचन करावयास, गायनांत उभें राहावयास, मिस्सानंतर कॉफी ओतावयास कोणी पुढें आलें तर तें नांव आठवड्याभरांत सर्वांस ठाऊक होतें. कित्येक ठिकाणीं तर वेदीवर आज भारतीय धर्मगुरूच उभे असतात. ज्या देशानें आपल्याकडे धर्मगुरू पाठविले, त्याच देशांत आपले धर्मगुरू सेवा करीत आहेत.

आणि तेथील वर्ष आपल्या ओळखीचें निघतें. १ नोव्हेंबरीं सकल संतांच्या सणीं लोक कबरस्थानांत जाऊन कबरींवर लाल दिवे लावतात. आपल्याकडील मृतांच्या दिवसाची ज्यास आठवण आहे, त्यास त्या संध्याकाळीं परकें वाटत नाहीं. ११ नोव्हेंबरीं संत मार्टिनच्या सणीं मुलें कागदी कंदील घेऊन गात मिरवणुकीनें जातात. भिकाऱ्यास आपला अर्धा झगा कापून देणारा तो संत. जानेवारींत तीन राजांच्या सणाच्या सुमारास मुलें राजांचा वेष घेऊन घरोघरीं येतात, गरीब देशांतील मुलांकरितां वर्गणी गोळा करितात आणि दारावर खडूनें वर्षाचा आंकडा व तीन अक्षरें लिहितात. 'ख्रिस्त या घरास आशीर्वाद देवो' असा त्यांचा अर्थ. १९५९पासून ही वर्गणी सबंध देशांत गोळा केली जाते. आपल्या दारावर तीं अक्षरें उमटलीं म्हणजे घंटेवरील नांवास सोबत मिळते.

हिंवाळ्याविषयीं दोन शब्द आईबापांकरितां. डिसेंबरांत स्टुटगार्टला सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. तुमची मुलगी अंधारांत कामावर जाते आणि अंधारांत परतते. हिंवाळ्यांत तेथील घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेचार तास मागें असतें. ती सहाला घरीं येऊन फोन हातीं घेते, तेव्हां येथें साडेदहा वाजलेले असतात, आणि आई डोळे चोळीत बोलते. त्या चार वाक्यांत काय विचारावें? पैसे पोहोंचले हें सांगावें, परंतु तेवढ्यावर फोन ठेवूं नये. अमक्याच्या मुलानें तेथें घर घेतलें, हेंही सांगूं नये. विचारावें: तुझ्या शेजारणीचें नांव काय? आज कोणाशीं बोललीस? रविवारीं कोठें गेली होतीस? "सारें ठीक आहे" हें उत्तर पुन्हां पुन्हां एकाच आवाजांत येऊं लागलें, तर समजावें कीं सारें ठीक नाहीं. तेव्हां तिला परत येण्याची वाट मोकळी आहे असें स्पष्ट सांगावें. परत येण्याची लाज ज्यास नाहीं, तोच तेथें धीरानें राहूं शकतो. पुष्कळदां ती एवढ्या शब्दावरच सावरते.

कागदांची हेळसांड मात्र कोणीं करूं नये. मघां सांगितलेल्या केरळी परिचारिकांपैकीं पुष्कळींस १९७०नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत, तेथील रुग्णालयांस गरज उरली नाहीं असें ठरल्यावर, कांहीं राज्यांनीं परवाना वाढवून दिला नाहीं. रुग्णांनीं प्रेम केलें, सोबत्यांनीं मान दिला, तरी परवान्याविना त्यांस परतावें लागलें. आज कायदे बदलले आहेत. २०२३च्या नोव्हेंबरापासून 'ब्ल्यू कार्ड' असलेल्यास २७ महिन्यांनीं, आणि भाषेची बी-१ पायरी गांठली असल्यास २१ महिन्यांनीं कायम वास्तव्याचा परवाना मागतां येतो. २०२४च्या जूनपासून नागरिकत्वाकरितां पांच वर्षांचें वास्तव्य पुरतें. जर्मनी आतां जुनें नागरिकत्व सोडावयास लावीत नाहीं. परंतु भारताच्या कायद्यांत दुहेरी नागरिकत्व नाहीं. जर्मन पारपत्र घेणारास भारतीय पारपत्र परत करावें लागतें. कोणीं काय करावें, हें मी सांगणार नाहीं. मात्र मुदतीची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी, आणि निर्णय मुदतीच्या भीतीनें नव्हे, तर विचारानें घ्यावा.

कोणी विचारील, तेथें इतकें रुजावयाचें तर येथलें काय उरणार? माझा अनुभव उलट आहे. शेजाऱ्यांशीं जमवून घेणारीं माणसेंच घरीं मराठी टिकवितात. कारण तीं भेदरलेलीं नसतात. तेथें जन्मलेलें मूल बालवाडींतून जर्मन बोलतच येईल. त्याची चिंता नको. घरांत मात्र त्याच्याशीं मराठी बोलावें आणि रात्रींची प्रार्थना मराठींत म्हणावी. आजीशीं बोलतां न येणाऱ्या नातवंडास दोन देश असूनही एक घर कमी असतें.

आपण शेतकरी माणसें आहोंत. भाताचें रोप राबांत दाट उगवतें; तेथें तें हिरवेंगार दिसतें, परंतु तेथेंच राहिलें तर त्यास कणीस धरण्यास जागा मिळत नाहीं. आषाढांत तें उपटून दुसऱ्या खाचरांत लावतों. लावल्यावर चार-सहा दिवस तें पिवळें पडतें, मान टाकतें. जाणता शेतकरी तें पुन्हां उपटून पाहत नाहीं आणि त्याकडे पाठही फिरवीत नाहीं. बांधावर येऊन पाणी राखतो. आपल्या मुलांच्या पहिल्या वर्षांत आपल्याकडून एवढेंच व्हावें. आणि मुलांकडून इतकें व्हावें कीं, ज्या खाचरांत लावलीं गेलीं त्याची माती तीं परकी मानणार नाहींत.

आपला धर्मग्राम परक्या देशांतून आलेल्या आणि येथें आपले झालेल्या माणसांच्या श्रमांवरही उभा राहिला आहे. आपलीं मुलें जेथें गेलीं तेथील एखाद्या लहान धर्मग्रामाच्या महोत्सवांत उद्यां कोणी कृतज्ञतेनें त्यांचें नांव घ्यावें, अशी परमेश्वराजवळ माझी प्रार्थना आहे.